मोतीबिंदू: पिकायची वाट, भिंगाचा नंबर आणि नंतरचे सहा आठवडे

कृष्णाकाठ:
दिवाळी सरली की सातारा-सांगली पट्ट्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनांना गर्दी होते. "थंडीत करावं, उन्हाळ्यात जखम चिघळते" हा समज घरोघरी पक्का आहे. पूर्वी तो अगदी चुकीचाही नव्हता. तेव्हा १० ते १२ मिलिमीटरची चीर असायची, वर टाके, आणि पेशंट काही दिवस पलंगावर. आज फेकोची, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढायच्या पद्धतीची, चीर सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरची असते, टाका लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. ऋतूचा आता काही संबंध उरलेला नाही.

तरी मार्चमध्ये नजर मंदावलेली म्हातारी माणसं नोव्हेंबरपर्यंत ढकलतात. त्या आठ महिन्यांत पायरी चुकते, खुबा मोडतो, इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडे चुकीचे वाचले जातात. भिंग घट्ट होत जातं ते वेगळंच.

म्हणून हा धागा. कधी करायचं, आधी काय तपासायचं, कोणतं भिंग घ्यायचं आणि नंतर काय सांभाळायचं, हे जाणकारांनी नीट तपशिलात लिहावं ही विनंती.

तपासणीखोली:
आधी मोतीबिंदू म्हणजे काय ते. बाहुलीच्या मागं असलेलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं म्हणजे मोतीबिंदू. डोळ्यावर बाहेरून चढलेलं ते पापुद्र्यासारखं काही नसतं, त्यामुळं पुसून किंवा धुऊन जात नाही.

तीन प्रकार नेहमी दिसतात आणि तिघांच्या तक्रारी वेगळ्या.

गाभ्याचा: भिंगाचा मधला भाग पिवळा, पुढं तपकिरी होतो. लांबचं धूसर होतं, पण जवळचं अचानक सुधारतं. सत्तरीतली बाई चष्मा बाजूला ठेवून हरिपाठ वाचायला लागली की घरातले खूश होतात, "नजर परत आली" म्हणतात. ती परत आलेली नसते. भिंग घट्ट झाल्यामुळं डोळ्याला उणे नंबर आलेला असतो, आणि थोड्या महिन्यांत तेही वाचन जातं.

कडेचा: परिघाकडून आत पाचरीसारखे पांढरे पट्टे येतात. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात.

मागच्या आवरणालगतचा: मधुमेह किंवा स्टिरॉइड घेणाऱ्यांत जास्त आणि झपाट्यानं वाढणारा. भर उन्हात बाहुली बारीक झाली की हा नेमका मध्यावर येतो. म्हणून पेशंट सांगतो, "सावलीत बरं दिसतं, उन्हात काहीच नाही." वाचनही लवकर जातं.

घरी करता येणारी चाचणी: एकेक डोळा तळव्यानं झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे बघायला लावा. दाबू नका, नुसतं झाका. कित्येकांचा एक डोळा वर्षभर अधू असतो आणि दुसऱ्यानं निभावत असल्यामुळं पत्ताच नसतो. मग पोस्टकार्डाला जाड सुईनं साधारण १ मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून बघायला सांगा. स्पष्ट झालं तर बराचसा दोष नंबराचा आहे, आधी चष्मा तपासा. भोकातूनही फरक पडला नाही तर भिंग किंवा मागचा पडदा बघायला हवा.

माणदेशी:
थेंबांनी विरघळतो का? बाजारात जाहिराती खूप. शिवाय मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी हे चालूच आहे.

औषधपेटी:
नाही. मोतीबिंदू विरघळवणारं किंवा थांबवणारं सिद्ध झालेलं औषध आजघडीला एकही नाही, थेंबही नाही आणि गोळीही नाही. मध आणि कांद्याचा रस निर्जंतुक नसतात. म्हाताऱ्या डोळ्यात घातल्यावर बुबुळाला जखम होऊन त्यात जंतू गेले तर मोतीबिंदूपेक्षा मोठं संकट उभं राहतं. जीवनसत्त्वांच्या महागड्या गोळ्यांचंही तसंच. अमेरिकेत हजारो लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासांत मोतीबिंदूवर त्यांचा ठोस उपयोग दिसला नाही. पालेभाजी, गाजर, पेरू जरूर खा, पण त्याच्या भरवशावर तपासणी टाळू नका.

वय थांबवता येत नाही, त्यामुळं पूर्ण टाळणं शक्य नाही. लांबवणं मात्र बऱ्याच अंशी हातात आहे:

विडी-सिगारेट. गाभ्याच्या मोतीबिंदूशी हिचा संबंध पक्का आहे आणि सोडल्यावर धोका हळूहळू उतरतो.

साखर. मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो. साखर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही हलतो, म्हणून साखर स्थिर झाल्याशिवाय नवा चष्मा करू नये. पैसे वाया जातात.

चुलीचा धूर. बंद स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं फुंकणाऱ्या बायकांत मोतीबिंदू जास्त आढळतो. गॅस असूनही पाणी तापवायला चूल पेटतेच. ती निदान पडवीत घ्या.

ऊन. रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरचा पदर पुढं ओढून, आणि यूव्ही ४०० लिहिलेला चष्मा. काचेच्या काळेपणाचा उपयोग नाही. नुसत्या काळ्या काचेनं बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत जातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टिरॉइड. गुडघेदुखीच्या निनावी पुड्या आणि दम्यावरच्या "खात्रीच्या" गोळ्या यांत ते मिसळलेलं असू शकतं. डोळ्यात घालायच्या थेंबांतही असतं. लाली दोन दिवसांत जाते म्हणून लोक तीच बाटली पुन्हा पुन्हा मागतात. महिनोन्‌महिने घातल्यावर मोतीबिंदू येतो आणि डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदूही. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मात्र स्वतःहून बंद करू नका. फक्त ते घेत असाल तर दर सहा महिन्यांनी डोळे तपासा.

कृष्णाकाठ:
याला जोडून उसाच्या पात्याचं सांगतो, कारण आपल्याकडं ते रोजचं आहे. पातं डोळ्याला लागून बुबुळावर ओरखडा उठला की त्यातून बुरशी शिरू शकते. अशा डोळ्यात दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब टाकले तर बुरशीला रान मोकळं मिळतं. बुबुळावर कायमचा पांढरा डाग राहिला की पुढं मोतीबिंदू काढूनही नजर पुरती येत नाही. पाचटात शिरताना साधा पारदर्शक चष्मा लावायचा. लागलंच तर स्वच्छ पाण्यानं धुऊन त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

येरळाकाठ:
मूळ प्रश्नावर येऊ. पिकू द्यायचा की नाही?

तपासणीखोली:
पिकू द्यायचा नाही. हा सल्ला त्या काळचा, जेव्हा भिंग अखंड बाहेर काढायचे आणि बदल्यात काही बसवत नव्हते, नुसता सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळायचा. डोळ्यात कृत्रिम भिंग पहिल्यांदा बसवलं ते हॅरोल्ड रिडली यांनी, १९४९ साली लंडनमध्ये. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घ्यायची पद्धत आणली, तीच आजची फेको. यात भिंग जितकं मऊ तितकं काम सोपं. दगडासारख्या तपकिरी भिंगाला जास्त ऊर्जा लागते, बुबुळाच्या आतल्या पेशी मरतात आणि ऑपरेशननंतर बुबुळ सुजलेलं राहतं. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

मग करायचं कधी? चष्मा बदलूनही रोजची कामं अडायला लागली की. आकड्यात सांगायचं तर ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून कमी दिसत असेल तर बहुतेक वेळा सल्ला मिळतो. पण रात्री खंबाटकी घाटातून गाडी नेणाऱ्याला ६/१२ लाही करावं लागेल, आणि ओसरीवर बसून समाधानी असलेल्या नव्वदीच्या आजींचं थोडं थांबलं तरी बिघडत नाही. मागचा पडदा तपासण्यात मोतीबिंदू आड येत असेल तर मात्र मधुमेहींनी लवकर करावं.

फार वाट पाहिली तर भिंग फुगतं किंवा त्यातला द्रव पाझरतो, आणि प्रेशर एकाएकी चढतं. डोळा लाल, प्रचंड दुखणं, अर्धं डोकं ठणकणं, उलट्या. घरचे पित्त समजून सोडा-लिंबू देत बसतात. पांढरी झालेली बाहुली आणि अशी कळ एकत्र आली तर रात्र काढायची नाही. प्रेशर तासातासाला नस मारत असतं.

हळदगल्ली:
'लेझर' आणि 'बिनटाक्याची' यांत फरक काय? दरात तर दुप्पट-तिप्पट अंतर सांगतात.

तपासणीखोली:
लोक ज्याला लेझर म्हणतात ती बहुतेक वेळा फेको असते, म्हणजे ध्वनिलहरी. खरं लेझर यंत्र वेगळं. ते चीर आणि आवरणावरचा गोल छेद देतं, त्यानंतर भिंग काढायचं काम फेकोनंच होतं. नेहमीच्या मोतीबिंदूत त्यानं अंतिम नजर जास्त चांगली होते असं दिसलेलं नाही. कर्ज काढून ते करायची गरज नाही.

दुसरी पद्धत छोट्या चिरेची, तिला डॉक्टर एसआयसीएस म्हणतात. पांढऱ्या भागात ६ ते ७ मिलिमीटरचा तिरका बोगदा करून भिंगाचा गाभा सबंध काढतात. बोगदा आतल्या दाबानंच मिटतो, म्हणून टाका नाही. सरकारी रुग्णालयांत आणि धर्मादाय संस्थांत ही फार होते. हिला "गरिबांचं ऑपरेशन" म्हणून कमी लेखतात त्याचं वाईट वाटतं. काळपट, दगडी मोतीबिंदूत सरावाच्या हातची एसआयसीएस ओढूनताणून केलेल्या फेकोपेक्षा सुरक्षित ठरते. फरक एवढाच की तिच्यात तिरका (सिलिंडरचा) नंबर थोडा जास्त येतो आणि चष्मा सहा आठवड्यांनी ठरतो. फेकोत तीन-चार आठवड्यांत.

हळदगल्ली:
आणि भिंग? दुकानात साड्या दाखवाव्यात तशी यादी पुढं ठेवतात.

अजिंक्यतारा:
यादी पुष्कळ लांब असली तरी प्रश्न तीनच आहेत.

पहिला, घडीचं की कडक? कडक भिंग पीएमएमए नावाच्या प्लॅस्टिकचं, मोठ्या चिरेतून जातं, स्वस्त आणि टिकाऊ. घडीचं लहान चिरेतून आत जाऊन उलगडतं. घडीच्यात हायड्रोफोबिक, म्हणजे पाणी न शोषणारं, घेतलं तर पुढं जाळी येण्याचं, म्हणजे भिंगामागचं आवरण गढूळ होण्याचं, प्रमाण कमी राहतं. देशी आणि परदेशी यात दर्जाचा फरक लोक समजतात तेवढा नाही. मदुराईत १९९२ पासून भिंगं बनतात आणि परदेशातही जातात.

दुसरा, एका अंतराचं की अनेक? एका अंतराचं घेतलं की लांबचं विनाचष्मा आणि वाचायला साधारण अडीचचा चष्मा. अनेक अंतरांच्या भिंगात चष्मा बराच सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात आणि मंद उजेडात अक्षर फिकं वाटतं. काचबिंदू, पडद्याचा आजार किंवा मधुमेहानं पडदा खराब असेल तर ते घेऊ नये. रात्री गाडी चालवणाऱ्यानंही नाही.

तिसरा, तिरका नंबर किती? बुबुळाचा तिरकेपणा दीडच्या आसपास किंवा जास्त असेल तर टोरिक, म्हणजे तिरका नंबर भरून काढणाऱ्या, भिंगाला पैसे घालणं सार्थ. त्याहून कमी असेल तर चष्म्यात भागतं.

एक गोष्ट कुणी विचारत नाही: जवळचं हवं की लांबचं? जन्मभर उणे नंबर असलेले, दिवसभर पोथी वाचणारे, शिवणकाम करणारे यांना डोळा मुद्दाम उणे अडीचला ठेवला तर वाचायला चष्मा लागत नाही, लांबचं बघायला लागतो. हे ऑपरेशनआधी सांगायचं असतं.

तपासणीखोली:
भिंगाचा नंबर म्हणजे सगळ्या प्रकरणाचा कणा. त्यासाठी डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता मोजतात. लांबीत १ मिलिमीटर चुकलं तर चष्म्यात जवळपास अडीच ते तीन नंबराची चूक येते. डोळ्याला टेकवायच्या यंत्रात हात जरा दाबला गेला तरी लांबी कमी भरते. न टेकवता प्रकाशानं मोजणारं यंत्र जास्त अचूक, पण पूर्ण पांढऱ्या मोतीबिंदूतून त्याचा प्रकाश आरपार जात नाही. पिकू न देण्याचं हे आणखी एक कारण. दोन्ही डोळ्यांची मापं घ्यावीत. लांबीत ०.३ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजायला सांगा. नंतर भिंगाच्या खोक्यावरचं स्टिकर कार्डावर चिकटवून मागून घ्या आणि जपून ठेवा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी लागतं.

औषधपेटी:
ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत साखर, रक्तदाब, ईसीजी येतातच. त्याशिवाय नाकाकडच्या कोपऱ्यावर दाबून पू येतो का बघतात आणि अश्रुमार्गात पाणी सोडतात. मार्ग तुंबून पू येत असेल तर आधी त्याचा इलाज, मग मोतीबिंदू. ही पायरी गाळली तर तोच पू डोळ्याच्या आत जंतू नेतो. पापणीवर रांजणवाडी असेल तरी थांबायचं.

खोकला, दमा किंवा पाठीला पोक असेल तर आधी सांगा. वीस-पंचवीस मिनिटं सपाट पडून राहावं लागतं आणि मध्येच आलेली एक ढास काम बिघडवते.

माणदेशी:
लघवीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या गोळ्या आणि रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर?

औषधपेटी:
प्रोस्टेटच्या गोळीत टॅमसुलोसिन असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, पूर्वी घेतलेली असली तरी. तिच्यानं बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो, ऑपरेशनच्या मध्येच बाहुली आकसते. गोळी बंद करून उपयोग होत नाही, परिणाम टिकून राहतो. सर्जनला आधी माहीत असलं की तो औषध आणि बाहुली ताणून धरायचे बारीक हुक घेऊन तयारीत बसतो.

अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मोतीबिंदूसाठी सहसा थांबवत नाहीत. स्टेंट बसवलेल्या माणसानं कुणाच्या तोंडी सांगण्यावरून ती बंद करणं जिवावर बेतू शकतं. वॉर्फरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, करून हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

येरळाकाठ:
खर्च आणि योजना?

कृष्णाकाठ:
सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली भिंगासकट मोफत होतं. हा कार्यक्रम १९७६ पासून आहे. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय ही मोठी ठिकाणं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, पहिली तपासणी तिथं करून चिठ्ठी घ्या. आधार आणि रेशन कार्डाच्या प्रती, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर.

गावातल्या शिबिरात फक्त तपासणी व्हावी आणि ऑपरेशन रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच. शाळेत किंवा मंगल कार्यालयात कुणी ऑपरेशन करतो म्हणाला तर नको म्हणा. शिबिरात नाव देताना दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं तपासायला कोण आणि कुठं येणार हेही विचारा.

खासगी विम्यात मोतीबिंदूला बहुधा दोन वर्षांची प्रतीक्षा आणि डोळ्यामागं रकमेची मर्यादा असते. पॉलिसीत आधी बघा.

औषधपेटी:
आता नंतरचे सहा आठवडे. अर्धं यश इथं आहे.

थेंब साधारण दोन प्रकारचे. अँटिबायोटिक दिवसातून चार वेळा, एक-दोन आठवडे. स्टिरॉइड दिवसातून सहा वेळांपासून सुरू करून दर आठवड्याला एकेक कमी करत सहा आठवडे. तुमच्या कागदावर वेगळं असेल तर कागदच खरा. स्टिरॉइड एकदम तोडलं तर सूज उलटते, महिनोन्‌महिने ओढलं तर प्रेशर चढतं.

पद्धत: हात साबणानं धुवा. पांढुरक्या, दुधाळ औषधाची बाटली नीट हलवा. औषध तळाशी बसतं आणि न हलवता घातलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं. पेशंटला झोपवा, खालची पापणी ओढा, त्या खोबणीत एकच थेंब. डोळ्यात एका थेंबापुरतीच जागा असते, दुसरा गालावरून ओघळतो. टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर हलका दाबा. दुसरं औषध पाच मिनिटांनी, नाहीतर पहिलं धुऊन जातं. उघडलेली बाटली महिन्यानं टाकून द्या.

डोळा पुसायला घरातलं मऊ फडकं वापरू नका. कापसाचे बोळे पाण्यात दहा मिनिटं उकळा, झाकून गार करा, पिळून नाकाकडून कानाकडं एकदाच फिरवा. बोळा फेका, पुढच्या वेळी नवा.

रात्री प्लॅस्टिकची जाळीदार वाटी चिकटपट्टीनं लावा, झोपेत हात जातोच. डोक्यावरून पाणी दोन आठवडे नाही. अंग धुवायला हरकत नाही, केस मागं मान टाकून दुसऱ्यानं धुवावेत. गोठा, वैरण, पाचट पेटवणं, हळदीची पॉलिश, बेदाण्याच्या शेडमधली गंधकाची धुरी यांपासून महिनाभर लांब. पाण्याची घागर आणि पोतं उचलू नये. शौचाला जोर लागत असेल तर इसबगोल द्या. काजळ, सुरमा नाही. टीव्ही, वाचन, चालणं, नेहमीचं जेवण सगळं चालतं. डाळ आणि आंबट बंद करण्याला काही आधार नाही, प्रथिनं उलट हवीतच.

हळदगल्ली:
धोक्याची खूण कोणती? थोडं खुपणं तर सगळ्यांनाच असतं.

तपासणीखोली:
खुपणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं हे रोज कमी होत गेलं पाहिजे. दिशा उलटी झाली की सावध. पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, काल दिसत होतं त्याहून आज कमी दिसतंय, लाली वाढली, चिकट पू आला: यातलं एकही असलं तर त्याच दिवशी जिथं ऑपरेशन झालं तिथं जा. सोमवारची वाट बघू नका. डोळ्याच्या आत जंतू गेलेले असतील तर अँटिबायोटिक थेट डोळ्याच्या आत टोचावं लागतं आणि काही तासांचा उशीरही नजर नेतो. हे टाळायला ऑपरेशनआधी ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात टाकून थांबतात. थोडं झोंबतं, पण सगळ्यात खात्रीचा उपाय तोच.

कधीही, वर्षानंतरही, विजेसारखे लखलखाट, एकदम काळे ठिपके किंवा बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटलं तर मागचा पडदा सुटत असू शकतो. तेही तातडीचं.

चांगलं दिसत असताना महिन्या-दीड महिन्यानं मध्यभाग धूसर झाला तर पडद्यावर सूज असू शकते. मधुमेहींत जास्त. थेंबांनी बहुतेकदा उतरते.

येरळाकाठ:
आणि दोन वर्षांनी "मोतीबिंदू परत आला" म्हणतात ते?

अजिंक्यतारा:
मोतीबिंदू परत येत नाही. भिंग ज्या आवरणात बसवतात त्याची मागची बाजू गढूळ होते, तीच जाळी. याग लेझरनं मध्यभागी खिडकी पाडतात. पाच-दहा मिनिटं, चीर नाही, पट्टी नाही. एकदा केल्यावर सहसा पुन्हा लागत नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले असतात, म्हणून त्या दिवशी गाडी स्वतः चालवून घरी जाऊ नका.

माणदेशी:
शेवटचं विचारतो. आषाढी वारीला जायचं असेल तर ऑपरेशन कधी उरकावं?

औषधपेटी:
माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. सहा आठवडे मागं मोजले तर वैशाख शुद्ध एकादशी येते. त्याच्या आत एक डोळा व्हावा, म्हणजे स्टिरॉइडचा शेवटचा थेंब संपून चष्मा हातात पडलेला असेल. लोणंदला सामील होणाऱ्यांना आणखी आठवडाभर मिळतो. दुसरा डोळा आषाढीनंतरच, कारण धुराळा, नीरा स्नान आणि उघड्यावरचा मुक्काम ताज्या डोळ्याला चालत नाही. वाटेत झाकायला बाजूनं बंद असलेला चष्मा घ्या, आणि कार्डाचा फोटो बरोबरच्या कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवा. वैशाखात कडक ऊन असतं म्हणून घरचे अडवतील, तर त्यांना कृष्णाकाठ यांचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवा.